प्रश्नोत्तरे : अभियंत्याचे कर्तृत्व कशावरून ओळखावे?

प्रवेशाच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दरवर्षी एकच प्रश्न असतो : कोणती शाखा घ्यावी? यंदा काही वाचकांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेली माणसे पुढे काय करतात, त्यांच्या कामगिरीला कर्तृत्व केव्हा म्हणायचे आणि ते ओळखायचे कशावरून, असा त्या पत्रांचा आशय आहे. त्यांपैकी पाच पत्रे निवडून, जागेअभावी थोडी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळत आहे आणि तिची स्वतःची इच्छाही तीच आहे. नातेवाईक मात्र संगणक शाखाच घ्या, असा आग्रह धरून बसले आहेत. बसस्थानकाबाहेरच्या प्रत्येक फलकावर पॅकेजचे मोठमोठे आकडे आणि मुलांची छायाचित्रे दिसतात. त्यांत यंत्र किंवा स्थापत्य शाखेची मुलगी मला एकदाही दिसली नाही. या जुन्या शाखांतून पदवी घेतलेल्या मुलींनी नाव घेण्यासारखे काही केले आहे काय?
एक पालक, बार्शी

उत्तर : आधी फलकावरच्या आकड्याविषयी. तो आकडा बहुधा त्या वर्षीच्या एकाच विद्यार्थ्याचा असतो आणि उरलेल्या शेकडो मुलांविषयी तो काहीच सांगत नाही. आपण महाविद्यालयात जाल तेव्हा मध्यक वेतन विचारा. नोकरी लागलेल्या सर्व विद्यार्थ्यांची वेतने चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा कळवावाच लागतो, त्यामुळे तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट विचारावी : यंत्र शाखेच्या मुलांना मिळालेल्या नोकऱ्यांपैकी किती नोकऱ्या यंत्रांशी संबंधित आहेत? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले, तर ते महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांची खबर ठेवते, असे समजायला हरकत नाही.

आता मुलींविषयी. लीला पूनावाला यांनी १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. फाळणीत सिंधमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबातली ही मुलगी पुढे आल्फा लावल कंपनीच्या भारतातील उद्योगाची अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाली. १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणारी संस्था उभी केली आणि त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या कितीतरी मुली आज स्वतः अभियंता आहेत. ज्या काळात कारखान्याच्या फाटकातून आत जाणारी बाई दिसली तर ती कार्यालयातच काम करत असणार, असे गृहीत धरले जात होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

दुसरे नाव स्थापत्य शाखेतले आहे आणि ते मराठी घरांत जितके माहीत असायला हवे तितके नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पूल हा विषय त्यांच्या घरातलाच होता, कारण त्यांचे वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले देशभर मान्यता पावलेले अभियंते होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढील शिक्षण आणि मग आयआयटी मुंबईत अध्यापन, अशी सुरक्षित वाट चालू असताना १९७० साली त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन ही पूल बांधणारी कंपनी काढली.

त्यांनी हाती घेतलेली अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. डोंगराळ मुलखात पूल बांधायचा तर लांबलचक पोलादी तुळया अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावरून वर नेता येत नाहीत, अवजड यंत्रे तेथे पोहोचत नाहीत आणि प्रत्येक ओढ्याची रुंदी निराळी असल्यामुळे प्रत्येक पुलाचा आराखडा नव्याने करावा लागतो. भगत दांपत्याने ठरावीक मापाचे पोलादी सुटे भाग तयार केले. ते ट्रकमधून न्यायचे, जागेवर जोडायचे, आणि तेच भाग कमी-अधिक संख्येने वापरून हव्या त्या लांबीचा आणि रुंदीचा पूल उभा करायचा, अशी ही पद्धत होती. नवी कल्पना म्हटल्यावर सरकारी खाती बिचकली. अखेर १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पीती भागात पहिले दोन छोटे पूल चार महिन्यांत उभे राहिले आणि त्यानंतर त्याच दशकात डोंगराळ भागांत असे डझनावारी पूल झाले. ज्या खेड्यात पावसाळा-हिवाळ्यात आजाऱ्याला पलीकडच्या काठावर नेणे अशक्य असते, तेथे असा एक पूल म्हणजे काय, हे बार्शीसारख्या मोकळ्या मुलखात राहणाऱ्यांना कदाचित चटकन जाणवणार नाही. पण पावसाळ्यात गावाचा नळकांडी पूल पाण्याखाली गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते सांगावे लागत नाही.

आपल्या मुलीला यंत्रांची खरोखर ओढ असेल, तर तिला त्या शाखेला जाऊ द्या. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी महाविद्यालयाची कार्यशाळा मात्र तिच्याबरोबर स्वतः जाऊन पाहा. लेथ यंत्रांवर ताज्या तेलाचे डाग आणि खाली धातूचे छिलके पडलेले असतील तर तेथे मुले काम करतात. यंत्रे चकचकीत आणि भोवतालची फरशी निष्कलंक असेल, तर दोनदा विचार करा.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयआयटी किंवा एनआयटीचे नाव पाठीशी नसेल तर मोठे काम हाती येतच नाही, असे आमचे सीनियर सांगतात. हे खरे आहे का?
एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : पहिल्या नोकरीपुरते त्यात तथ्य आहे आणि ते नाकारून मी तुमची फसवणूक करणार नाही. मोठ्या संस्थेत कंपन्या दाराशी येतात, प्रयोगशाळा चांगल्या असतात आणि भोवती हुशार सोबत असते. या तिन्ही गोष्टींची उणीव तुम्हाला स्वतःच्या कष्टाने भरून काढावी लागेल. परंतु पहिल्या पाच-सात वर्षांनंतर तुमची ओळख तुमच्या कामावरून होऊ लागते.

तुमच्याच शाखेतले उदाहरण घ्या. ई. श्रीधरन हे आंध्रातील काकीनाडाच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे स्थापत्य पदवीधर. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वे पूल उद्ध्वस्त केला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत दिली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांनी समुद्रात पडलेल्या तुळया बाहेर काढून पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. त्या वेळी त्यांना कोणत्या महाविद्यालयातून आलात, असे कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

आपल्याला ते अधिक जवळचे वाटतात ते कोकण रेल्वेमुळे. भारतीय रेल्वेतून निवृत्त होण्याच्या वयात, १९९० साली, त्यांनी हे काम अंगावर घेतले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग देशाला अर्पण झाला. सुमारे २००० लहानमोठे पूल आणि ९० हून अधिक बोगदे या मार्गावर आहेत. रत्नागिरीजवळचा पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल गाडीतून पाहिला तर खालची दरी क्षणात मागे पडते. खाली उतरून पाहिला तर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने तो खालूनच पाहावा. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांची परीक्षा पाहिली. तेथे कातळाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली, ती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि मार्ग पूर्ण होणे त्या एका बोगद्यापाशी अडून राहिले. या प्रकल्पात कामगारांचे जीव गेले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले असले पाहिजे. श्रीधरन यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्या बोगद्यांच्या तोंडाशी रात्रपाळीला उभे राहिलेले शेकडो तरुण स्थापत्य पदवीधर तुमच्या महाविद्यालयासारख्याच ठिकाणांहून आलेले होते.

दुसरे उदाहरण विजय भटकर यांचे. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६५ साली घेतली, तेव्हा ते महाविद्यालय सुरू होऊन पाचच वर्षे झाली होती. अमेरिकेकडून महासंगणक मिळणे कठीण झाल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची सरकारी संस्था स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली तेथील चमूने १९९१ साली परम ८००० तयार केला. आज जे महाविद्यालय नवे आणि बिननावाचे वाटते, त्याला नाव मिळवून देणारी पहिली तुकडी कोणती तरी असावीच लागते.

दूरसंचार शाखेतली दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. थॉमस कैलाथ पुण्यात वाढले आणि १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. बारामतीत जन्मलेले सी. कुमार पटेल त्याच महाविद्यालयातून १९५८ साली बाहेर पडले. कैलाथ पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. संदेशवहन आणि नियंत्रण प्रणालींच्या सिद्धांतात त्यांचे नाव जगभर घेतले जाते. पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला, जो आज पोलादाचे पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळीकडे वापरला जातो. दोघांनाही अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. ही दोन्ही माणसे परदेशी गेल्यामुळे मोठी झाली, असे तुमचे मित्र म्हणतील. त्यात अर्धे सत्य आहे, कारण प्रयोगशाळा तिकडच्या होत्या. परंतु तेथे दार उघडले जाण्याइतका पाया येथेच पक्का झाला होता, हेही तितकेच खरे आहे.

तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात. तुमच्या तालुक्यात चालू असलेले रस्त्याचे, पुलाचे किंवा जलवाहिनीचे एक काम निवडा, परवानगी घेऊन सुटीत तेथे जा, मोजमापे कशी नोंदवतात ते पाहा आणि रोज एक पान लिहा. मुलाखतीत त्या वहीवरून पंधरा मिनिटे बोलता आले, तर महाविद्यालयाच्या नावाचा प्रश्न मागे पडतो.

प्रश्न : १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतात. विश्वेश्वरय्या म्हैसूरचे होते. मग महाराष्ट्रातील अभियंत्यांचा त्यांच्याशी संबंध काय?
एक वाचक, वाई

उत्तर : संबंध फार जवळचा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातून शिकायला पुण्यात आले आणि त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या पुणे अभियांत्रिकीतून, १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या एल.सी.ई. या स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. फड पद्धतीच्या, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या, सिंचनासाठी प्रसिद्ध असलेले खानदेशातले पांझरेचे खोरे हे त्यांचे सुरुवातीचे कार्यक्षेत्र होते. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार होण्यापूर्वीची त्यांची जवळजवळ सगळी सरकारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली.

त्यांचे एक काम वाईहून फार दूर नाही. खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई जाणवे. सांडव्याची भिंतच कायमची उंच करावी तर मोठ्या पुरात पाण्याला वाट राहत नाही आणि धरणाला धोका होतो. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची रचना केली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढेपर्यंत दरवाजे बंद राहत, त्यापुढे पाणी चढू लागले की पाण्याच्याच बळावर ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा आपोआप मिटत. १९०३ साली ते बसवले गेले आणि तलावातील साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. जुनी भिंत तीच राहिली आणि नवे धरण न बांधता पाणी वाढले. मध्यरात्री पूर आला तर दरवाजे उघडायला माणूस धावत जाण्याची गरज नव्हती, ही त्या काळात केवढी निश्चिंती असेल!

त्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. भाषणांत तेवढेच सांगितले जाते. माझ्या दृष्टीने अभियंता दिनाला महाविद्यालयांनी त्या दरवाजांचा आराखडा फळ्यावर काढून मुलांना समजावून द्यावा. हारतुऱ्यांचा वेळ त्यासाठी पुरेल.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचा विभाग माझ्याकडे आला आहे. दोनशेहून अधिक नावे जमा झाली आहेत. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे आणि काय लिहावे?
एक अधिव्याख्याता, सांगली

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण आज लिहाल तेच आणखी पन्नास वर्षांनी आपल्या महाविद्यालयाचा इतिहास म्हणून उद्धृत केले जाईल.

बहुतेक स्मरणिकांत नाव, तुकडीचे वर्ष, सध्याचे पद आणि देश एवढेच असते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची अशी स्मरणिका माझ्याकडे अभिप्रायासाठी आली होती. चाळीस पानांत बावन्न उपाध्यक्ष आणि सतरा महाव्यवस्थापक होते, पण त्यांपैकी एकानेही नेमके काय केले, हे मला शेवटच्या पानापर्यंत कळले नाही. मी संपादकांना तसे लिहिले. त्यांनी उत्तर दिले की अर्जात तो रकाना नव्हता. म्हणून आपण रकान्यापासूनच सुरुवात करावी. ‘आपले सध्याचे पद’ याच्या आधी असा प्रश्न घालावा : आपण केलेले असे एक काम सांगा, जे आजही वापरात आहे. त्याखाली काम कुठे, कोणत्या साली, आधी अडचण काय होती, बरोबर कोण होते आणि पहिला प्रयत्न फसला असल्यास का, एवढे विचारावे.

पद आणि काम यांतला फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पुण्यातून स्थापत्याची पदवी घेतलेले माधवराव चितळे केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाचे सचिव होते, असे लिहिले की एक ओळ संपते. लोकांमध्ये पाण्याची जाण वाढावी म्हणून त्यांनी जी धडपड केली आणि जिच्यासाठी त्यांना १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, ती सांगायला घेतली की लेख सुरू होतो. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटीतून, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, १९६६ साली रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि पुढे सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. पण सामान्य वाचकाच्या लक्षात राहते ते हे, की जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या आजीबाईच्या उपायावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट त्यांच्या कारकिर्दीत, १९९७ साली, रद्द करवून घेतले गेले. वैज्ञानिक, वकील आणि जुन्या ग्रंथांतून पुरावे शोधणारे लोक अशा अनेकांचे ते यश होते. स्मरणिकेत तसेच लिहावे. ‘एकहाती’ हा शब्द अभियांत्रिकीच्या कोणत्याही कामाला लावताना हात थांबला पाहिजे.

‘पहिला’ आणि ‘पहिली’ हे शब्दही तपासून घ्यावेत. भारतातील पहिली महिला अभियंता म्हणून वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळी नावे येतात, कारण कोणी शाखा धरतो, कोणी राज्य धरतो, तर कोणी महाविद्यालय. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ए. ललिता यांनी १९४३ साली विद्युत अभियांत्रिकी पूर्ण केली. त्यांच्याबरोबर स्थापत्य शाखेत पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज याही शिकत होत्या. महाविद्यालयाच्या छापील प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनाम होते. ते हाताने खोडून स्त्रीवाचक करावे लागले. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या आणि त्यांच्या पदरी लहान मुलगी होती. पुढे त्यांनी भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत कामात भाग घेतला. थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. खोडलेले ते एक सर्वनाम ‘पहिली’ या विशेषणापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. आपल्या महाविद्यालयाच्या दप्तरातही पहिल्या विद्यार्थिनींचे अर्ज, वसतिगृहाची सोय नसल्याची पत्रे किंवा तसे काही कागद असतील. ते शोधावेत.

गावाजवळच राहून मोठे झालेले लोक बहुतेक यादीत शेवटी येतात, त्यांना पुढे आणावे. वाईजवळच्या पसरणीचे बाबुराव शिर्के १९४३ साली पुण्याहून स्थापत्य पदवीधर झाले आणि लगेच व्यवसायात उतरले. कारखान्यात तयार केलेले भाग जोडून घरे बांधण्याची पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजवली आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे केले. सांगली-मिरज-इचलकरंजी पट्ट्यात ओतकाम, यंत्रमाग आणि द्राक्षबागांची अवजारे यांत आपल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या सुधारणा शोधल्यात, तर निम्मा विभाग त्यांनीच भरेल, अशी माझी खात्री आहे.

आणखी एक. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाकडे, म्हणजे एनबीएकडे, अभ्यासक्रमाची मान्यता मागताना आपले पदवीधर काही वर्षांत व्यवसायात काय साधतील, याची उद्दिष्टे प्रत्येक विभागाला लिहून द्यावी लागतात. २०१४ साली भारत वॉशिंग्टन करारात, म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची मान्यता ग्राह्य धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, पूर्ण सदस्य म्हणून सामील झाल्यापासून या कागदांचे वजन वाढले आहे. बऱ्याच विभागांत ही उद्दिष्टे एकदा लिहून फाइलमध्ये राहतात. आपल्याकडे जमलेले दोनशे अर्ज त्या उद्दिष्टांशेजारी ठेवून वाचा. विभागाने ‘समाजोपयोगी संशोधन’ असे लिहिले असेल आणि अर्जांत तसे एकही काम सापडत नसेल, तर ते प्राचार्यांना दाखवावे. स्मरणिकेइतकाच त्या चर्चेचाही महाविद्यालयाला उपयोग होईल.

वगळायचे कोणाला, हा प्रश्न राहिला. काम सांगता आले नाही तर पद कितीही मोठे असले तरी लेख लिहू नये. नाव, तुकडी आणि हुद्दा मागच्या यादीत द्यावा. यावरून नाराजी होईल, देणगीदार रुसतील. तरीही आपण ठाम राहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : माझे वडील १९७८ चे स्थापत्य पदवीधर आहेत. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या महाविद्यालयाने पाठवलेल्या अर्जात पुरस्कार, परदेशवास, शोधनिबंध असे रकाने होते. त्यांनी अर्ज कोराच परत केला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्यांच्याजवळ कालव्याच्या आवर्तनांच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या, हस्तलिखित वह्या आहेत. त्यांना काही किंमत आहे का?
एक कन्या, श्रीरामपूर

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. ज्यांना कालव्याचे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्ये लिहितो. धरणातून पाणी सुटले की मुख्य कालवा, वितरिका, चारी असे करत ते शेतापर्यंत जाते. मुखाजवळचे शेतकरी जास्त पाणी घेतात, वाटेत गळती होते, कोणी रात्री दार उचलतो आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचेपर्यंत त्याचे उभे पीक वाळू लागते. टेलला पाणी पोहोचवणे ही या खात्यातील अभियंत्याची खरी कसोटी आहे, आणि तिच्यासाठी कोणताही पुरस्कार नाही.

म्हणून आपल्या वडिलांना पुरस्काराविषयी काही विचारू नका. एका संध्याकाळी वही उघडून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : टेलला पाणी पहिल्यांदा कोणत्या वर्षी नीट पोहोचले? त्यासाठी काय बदलले? दुष्काळाच्या वर्षी आवर्तन कसे बसवले? कोणती चारी फुटली होती, ती रातोरात कोणी बांधली, पाटकरी (कालव्याचे पाणी सोडणारे कर्मचारी) कोण होते? ते बोलू लागतील. वहीतील गेजच्या (पाण्याच्या पातळीच्या) नोंदी, तारखा आणि विसर्ग यांना किंमत आहे का, असे आपण विचारता. एखाद्या कालव्यावर तीस वर्षांत प्रत्यक्ष किती दिवसांत किती पाणी गेले, हे एकाच हस्ताक्षरात सलग नोंदलेले असणे दुर्मीळ आहे. पाण्याच्या वाटपावर काम करणाऱ्या संशोधकाला आणि पाणीवापर संस्थांना ते मोलाचे वाटेल. त्यांत खात्याच्या मालकीची मोजमाप पुस्तिका चुकून राहिली असेल तर ती कार्यालयात जमा करावी. त्यांच्या स्वतःच्या वह्या त्यांच्याच आहेत.

अर्ज पुन्हा मागवून घ्या. पुरस्काराच्या रकान्यात आडवी रेघ मारावी आणि सोबत वेगळा कागद जोडून त्यावर कालव्याचे नाव, वर्षे, टेलपर्यंत भिजू लागलेले क्षेत्र आणि बरोबर काम केलेल्या पाटकऱ्यांची नावे वडिलांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावीत. वरचे सांगलीचे पत्र वाचणाऱ्या इतर स्मरणिकांच्या संपादकांनीही अशा कागदासाठी जागा ठेवावी, असे मी सुचवत आहे. वह्या कोणालाही देण्यापूर्वी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून ठेवा. जुन्या शाईच्या नोंदी उन्हात फिकट होतात, म्हणून हे काम या पावसाळ्यातच उरकून घ्या.